जिओटॅग सर

आमच्या सरांनी आयुष्यात एकही झाड फोटोशिवाय लावलं नाही. फोटो निघाल्यावर झाड लावायचं तेवढं राहून गेलं, असं मात्र बऱ्याचदा झालं. दर पावसाळ्यात ग्रंथालयामागे एक खड्डा तयार असायचा. दरवर्षी तोच. प्राचार्य हातात कडुलिंबाचं रोप घेऊन वाकायचे, आम्ही दहा-बारा मुलं-मुली त्यांच्याभोवती कौतुकाने बघत उभे राहायचो, आणि सर मोबाईल डोळ्यांसमोर धरून मागे मागे सरकत म्हणायचे, "वाकूनच राहा सर, अक्षांश आलेत, रेखांश यायचेत." रेखांश यायला कधी कधी पाच मिनिटं लागायची आणि तोवर प्राचार्यांची कंबर धरायची. फोटो झाला की शिपाई रंगनाथमामा ते रोप पिशवीसकट उचलून पुन्हा सावलीत नेऊन ठेवायचे, कारण पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्या विभागाला लागणार असायचं. त्या रोपाने माझ्याबरोबर कॉलेजात तीन वर्षं काढली आणि उपक्रमांत माझ्यापेक्षा जास्त भाग घेतला.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मोबाईलमध्ये एक सोय असते. फोटो कुठे काढला, किती वाजता काढला, हे त्याच्या खालच्या कोपऱ्यात आपोआप छापून येतं. त्याला जिओटॅग म्हणतात. कॉलेज तपासायला दर काही वर्षांनी मूल्यांकन समिती येते, आणि तिला असे फोटो लागतात. आमचं कॉलेज नगर जिल्ह्याच्या पूर्वेच्या अंगाला, तालुक्याच्या गावी. तिथे पाऊस येवो न येवो, समिती येणार ही बातमी बारा महिने असायची. त्या समितीच्या सगळ्या फायली सरांकडे होत्या, म्हणून त्यांचं नाव जिओटॅग सर. मूळ विषय भूगोल. भूगोलाच्या माणसाला आपण कुठे उभे आहोत हे मोबाईलला विचारावं लागतं, याचं आम्हाला भारी हसू यायचं.

वर्गात सर शिकवायचे नाहीत, लिहून द्यायचे. "लिहून घ्या. समजायला आयुष्य पडलंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या स्वतःच्या नोट्स म्हणे कॉलेज नव्या इमारतीत हलताना गहाळ झाल्या. मग त्यांनी काय करावं? मागच्या एका बॅचमधल्या हुशार मुलीची वही मागून घेतली, पानापानाचे फोटो काढले आणि तेव्हापासून मोबाईलवर ते फोटो बोटांनी मोठे करत आम्हाला सांगायला लागले. म्हणजे त्यांनीच तिला सांगितलेलं तिच्याकडून ऐकून ते आम्हाला सांगत होते. त्या मुलीला समासात घरची कामं टिपून ठेवायची सवय होती. एकदा सर म्हणाले, "पठाराची वैशिष्ट्ये. एक, माथा सपाट असतो. दोन, कडांचा उतार तीव्र असतो. तीन, जाताना शिलाई मशीन दुरुस्तीला टाकणे." आमच्या वर्गातल्या निम्म्या जणांनी ते लिहून घेतलं. मीही घेतलं. खोटं कशाला बोलू?

त्यांना आमची नावं येत नसत. हजेरीपटातले नंबर यायचे. मी सव्वीस. बाजारात भेटले तरी, "काय सव्वीस, आईबरोबर आलीस का?" असं विचारायचे. पण एखादा नंबर दोन-तीन दिवस दिसला नाही तर तो का दिसला नाही हे चौकशी करून लिहून ठेवायचे. काळजीपोटी नव्हे, गैरहजेरीचीही एक फाईल होती.

"झालं याला किंमत नाही, झाल्याचं दिसलं पाहिजे," असं ते नेहमी म्हणत. आमच्या एका निवृत्त प्राध्यापकांचं निधन झालं तेव्हा मैदानावर शोकसभा भरली. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं. पहिल्यांदा बॅनर उलटा लागला होता. दुसऱ्यांदा दोन पोरं हसताना फोटोत आली. तिसऱ्यांदा सगळं जमलं, पण सूर्य समोरून येत होता, म्हणून सरांनी साऱ्या कॉलेजला तोंड फिरवून उभं केलं. गेलेल्या सरांना एकूण आठ मिनिटांची श्रद्धांजली वाहिली गेली. एवढा मान आमच्या कॉलेजात आजवर कुणाला मिळालेला नाही.

रंगनाथमामा सांगायचे, सर आधी असे नव्हते. नोकरीला लागले तेव्हा पोरांना शेतात न्यायचे, विहिरीत उतरवायचे, खिशात दगड घेऊन हिंडायचे. मग कुठल्याशा प्राचार्यांच्या ध्यानात आलं की याचं अक्षर चांगलं आहे. झालं. तेव्हापासून एकेक फाईल त्यांच्या टेबलावर येत गेली आणि दगड खिडकीत गेले. मी कॉलेजात आले तेव्हा ते दगड वारा आला की कागद उडू नयेत म्हणून फायलींवर ठेवलेले असायचे.

हे खरं असेल असं मला एकदाच वाटलं. दुसऱ्या वर्षाला असताना पावसाळ्यात आमची क्षेत्रभेट निघाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातल्या घाटाकडे. आमच्या वाडीत त्या दिवशी धूळ उडत होती. आणि तिकडे असा पाऊस, असं धुकं, की पुढच्या मुलीची वेणी दिसेना. सरांनी बॅनर उघडायला सांगितला, मोबाईल काढला, आणि तो त्या पावसात भिजून बंदच पडला. सर त्याला पुसतायत, फुंकतायत, बनियनला घासतायत. शेवटी त्यांनी तो खिशात टाकला. मग खाली वाकून एक काळा दगड उचलला आणि बोलायला लागले.

तासभर बोलले हो. कुठलाही कागद न बघता. हा दगड कसा झाला, हा कडा असा तुटलेला का, समुद्रावरचा ढग इथवर कसा येतो, डोंगराला कसा अडतो आणि आपलं सगळं पाणी इथेच कसं टाकून देतो. पुढे आपल्या तालुक्यात पोचतो तो रिकामा ढग. आमच्या वाडीत पाऊस नाही याचं कारण मी लहानपणापासून एकच ऐकत आले होते, की कुणातरी पूर्वजाने देवीचा नवस फेडला नाही. दर दसऱ्यानंतर आख्खी वाडी कोयते बांधून कारखान्यांवर ऊस तोडायला जाते, ते त्याचंच फळ, असं म्हातारी माणसं सांगायची. मी भीत भीत सरांना विचारलं, म्हणजे आमच्या वाडीचं काही चुकलेलं नाही का. सर म्हणाले, "काय चुकायचंय? मध्ये डोंगर आहे, एवढंच." मला तिथे रडू आलं. पाऊस असल्यामुळे कुणाला कळलं नाही. त्या दिवशी मी ठरवलं की भूगोलच शिकायचा, आणि शेवटपर्यंत शिकायचा.

सोमवारी सर पुन्हा होते तसे. मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवून वाळवला होता. क्षेत्रभेटीचा पुरावा नाही म्हणजे क्षेत्रभेट झालीच नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग आम्ही सगळे छत्र्या घेऊन कॉलेजच्या मागे बांधकामासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगाशेजारी उभे राहिलो. वरून कडक ऊन होतं. सरांनी ढिगाकडे बोट दाखवलं आणि रंगनाथमामांनी फोटो काढला. माझा एवढा संताप झाला की मी त्या फोटोत मुद्दाम पाठ करून उभी राहिले.

आता माझ्या घरचं सांगते. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे दोन माणसं, बहुधा नवरा-बायको. एकाने तोडायचं, एकाने मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायच्या. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी घेत नाही. माझे आई-वडील वीस वर्षं कोपरगावच्या बाजूला कारखान्यावर जात होते. आदल्या हंगामात आई डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवरून घसरली आणि तिची पाठ कामातून गेली. वाकता येईना, बसलं तर उठता येईना. म्हणून दिवाळीच्या आधी आबा मला म्हणाले की या साली तुझ्याबिगर भागत न्हाई. त्यांनी रागावून सांगितलं नाही, जेवताना खाली मान घालून सांगितलं. आमच्या वाडीतून आजवर कॉलेज सोडून हंगामाला गेलेली एकही मुलगी परत कॉलेजात आली नव्हती. फार तर एका हंगामानंतर तिचं लग्न व्हायचं आणि नवऱ्याबरोबर नवा कोयता व्हायचा. हे आबांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि आईलाही ठाऊक होतं. ती आबांसमोर कधीच काही बोलायची नाही.

मी सरांकडे गेले. अकोल्याच्या त्या एका तासाच्या जोरावर गेले. सगळं सांगितलं. सर फायलीवर शिक्के मारत होते, मारता मारता ऐकत होते. मग म्हणाले की पंच्याहत्तर टक्के हजेरीचा नियम आहे, त्याला मी काय करणार, पण तू अर्ज दे. "अर्ज असू दे सव्वीस, पुरावा राहील." मी अर्ज लिहून दिला. त्यांनी त्यावर आवक क्रमांक टाकला आणि फायलीत लावला. बाहेर येऊन मी मैत्रिणीला म्हणाले की हा माणूस उद्या मी मेले तरी आधी आवक-जावक बघेल.

दिवाळी झाली. टोळीची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे येणार होती. अंगणात पत्र्याची पेटी, तवा-पातेली, पाण्याचे ड्रम, सगळं बांधून ठेवलेलं. मी माझी पुस्तकं गोणीत भरून आढ्याला टांगत होते, तेवढ्यात मोटारसायकल वाजली. पुढे सर, मागे रंगनाथमामा, आणि मामांच्या खांद्यावर काठीला गुंडाळलेला बॅनर. मला वाटलं, सरांनी माझा अर्ज वाचला. सर माझ्यासाठी आले.

कशाचं काय! समितीसाठी 'पालक भेट अभियान' निघालं होतं. प्रत्येक प्राध्यापकाने वीस विद्यार्थ्यांच्या घरी जायचं, फॉर्म भरायचा, फोटो काढायचा. सरांची यादी रस्त्याच्या सोयीने केलेली होती आणि आमची वाडी डांबरी रस्त्याला लागून होती. हे मला मामांनी पुढे कधीतरी सांगितलं. पण आईला ते कुठे ठाऊक? तिने पाठीला हात लावत बाजेवरचं बोचकं उतरवलं, वाकळ अंथरली, पदर सावरून म्हणाली, "गुरुजी आले. पोरीसाठी गुरुजी आले." वाडीतली दहा बिऱ्हाडं दारात येऊन उभी राहिली.

सर म्हणाले आधी फोटो घेऊ, म्हणजे चहा निवांत पिता येईल. पण आमच्या वाडीत मोबाईलवरचं चक्र नुसतंच फिरत राही. दारासमोर उभे राहिलो, तर मोबाईल म्हणे तुम्ही शेजारच्या तालुक्यात आहात. बाभळीखाली गेलो, तर काहीच म्हणेना. बांधावर गेलो. शेवटी देवीच्या टेकडीवर सिग्नल येतो असं कुणी सांगितलं, तशी वरात टेकडीवर निघाली. पुढे सर, हात वर करून, मोबाईल आभाळाला दाखवत. मागे बॅनरचं एक टोक मामांच्या हातात आणि एक आईच्या. पाठ गेलेली बाई, पण टोक काही सोडेना. गुरुजींनी दिलंय म्हणून धरून चालली होती. त्यांच्या मागे आबा आणि मी. आबांना बहुतेक वाटत होतं की ही जमिनीची मोजणी आहे.

टेकडीवरही अक्षांश लवकर येईनात. तेव्हा वेळ जाऊ नये म्हणून सरांनी एका हातात मोबाईल वर धरला, गुडघ्यावर फॉर्म ठेवला आणि विचारायला सुरुवात केली. नाव, गाव, धंदा. शेवटी आलं, पाल्याच्या शिक्षणाबद्दल पालकांचे मत. आबा म्हणाले, आमचं कसलं मत, तुमीच ल्ह्या काईबी. सर म्हणाले तसं चालत नाही, इथे दोन रकाने आहेत, एक वडिलांचा, एक आईचा. आणि मोबाईलवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "मावशी, तुमचं मत काय?"

आईने आधी मागे वळून बघितलं, मागे दुसरं कुणी आहे का. मग तिने माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे. मला वाटलं आता म्हणेल, ते म्हणतील तसं. पण ती बोलली.

"ल्ह्या गुरुजी. मी वीस साल मोळ्या उचलल्या. माझ्या पाठीचं व्हायचं ते झालं. ह्या पोरीच्या पाठीचं तसं नगं. तिनं शिकावं. ह्यांनी न्हाई म्हणलं तरी माझं मत हेच हाय."

आबांकडे बघायची मला हिंमत होईना. सरांचं पेन कागदावर चालताना मात्र मी बघितलं. मग त्यांनी शाईचा डबा पुढे केला. आईने अंगठा दिला. आबा थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले आणि त्यांनीही दिला. तेवढ्यात सर ओरडले, "आले, आले!" अक्षांश आले होते. फोटो निघाला. चहा तसाच राहिला, कारण सरांची अजून सात घरं व्हायची होती.

पहाटे गाडी आली. टोळीच्या मुकादमाने विचारलं, पोरगी कुठंय. आबा म्हणाले की कॉलेजच्या कागदावर अंगठा दिलाय, आता तिला न्हेता येत न्हाई. मुकादमाचा सगळा कारभार अंगठ्यांवरच चाललेला. एकदा अंगठा दिला की माणूस बांधला जातो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याने माझा नाद सोडला. माझ्या जागी माझी विधवा आत्या गेली. तिचं मत कुणी विचारलं नाही. तिचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हता. पुढची चार वर्षं तीच आबांबरोबर जात होती, आणि त्या चार वर्षांत मी बी. ए. झाले, एम. ए. झाले. हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

आता मी श्रीगोंद्याच्या बाजूला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते. म्हणजे तासाचे पैसे, सुट्टीत घरी. आणि हसू नका, माझ्याही मोबाईलमध्ये ती जिओटॅगची सोय आहे. मीही खड्ड्याशेजारी उभी राहून प्राचार्यांना वाकून राहा म्हणते. आमच्याकडे कडुलिंबाऐवजी वड आहे, एवढाच काय तो फरक.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. ती गेल्यावर मी तिच्या हातचं, तिच्या शब्दातलं काही घरात शोधायला लागले. काय असणार? रेशनकार्डावर नाव, ते आबांच्या नावाखाली. तिचा आवाज कुठे धरून ठेवलेला नाही. मग मला त्या फॉर्मची आठवण झाली. तिचं मत, तिने सांगितलेलं, कागदावर लिहिलेलं, खाली तिचा अंगठा. तेवढा कागद मिळाला तर मला दुसरं काही नको होतं. आणि आमच्या सरांनी आयुष्यात कागद टाकला नाही याची मला खात्री होती.

यंदा सर निवृत्त झाले. निरोप समारंभाला मी मुद्दाम गेले. सभागृहात गर्दी होती, आणि समोर बसलेल्यांपेक्षा फोटो काढणारे जास्त होते. सगळं आटोपल्यावर मी त्यांना गाठून कशासाठी आले ते सांगितलं. सरांची कळी खुलली. माझ्याकडे मिळणार नाही असा कागदच नाही सव्वीस, म्हणत त्यांनी मला विभागात नेलं. कपाट उघडलं. रंगनाथमामाही निवृत्त झालेले, पण त्या दिवशी आले होते, त्यांनी स्टूल धरलं. पाच मिनिटांत फाईल टेबलावर आली.

फोटो होता. बॅनर होता. मोबाईलसाठी पुढे लांबवलेला सरांचा हात होता. आईने मान द्यायचा म्हणून बॅनर इतका उंच धरला होता, की तिच्या कपाळावरचा पदर तेवढा दिसत होता. त्याखाली फॉर्म. आईचा रकाना मी बोटाने शोधला. तिथे सरांच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं, "पालक समाधानी आहेत." वडिलांच्या रकान्यातही तेच. मी पुढचा फॉर्म उलटला. पालक समाधानी आहेत. त्याच्या पुढचा. विसाच्या वीस घरचे पालक समाधानी होते. एकाच पेनाने, एकाच बैठकीत, स्वतःच्या घरातून निघायच्या आधीच समाधानी करून ठेवलेले. खाली माझ्या आईचा निळा अंगठा.

मी चिडले. त्यांचा निरोपाचा दिवस आहे हेही विसरले. मी म्हणाले, सर, माझी आई आयुष्यात एकदा बोलली आणि तुम्ही ते लिहिलंसुद्धा नाही. मी पेन चालताना बघितलं होतं. काय लिहीत होतात तुम्ही?

सर खुर्चीत बसले. गळ्यातला हार त्यांनी काढून टेबलावर ठेवला. "फोन नंबर लिहीत होतो," ते म्हणाले. "आई काय बोलल्या, मला आठवत नाही. मी सिग्नल बघत होतो." मग त्यांनीच विचारलं की काय बोलल्या होत्या. मी सांगितलं, शब्दन्‌शब्द. ते ऐकताना त्यांनी कशालाही हात लावला नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "मी फक्त विचारलं होतं ग."

विचारलं होतं, हे मात्र खरं. कारण कुठलंही असो, माझ्या आईला तिचं मत विचारणारा तो पहिला माणूस आणि शेवटचा. त्यांच्यावर धड रागावताही येईना आणि त्यांच्या पायाही पडता येईना. सरांनी फायलीची दोरी सोडली, फॉर्म आणि फोटो बाहेर काढले आणि माझ्या हातात दिले. मामा म्हणाले, सर, फाईल अपुरी राहील. सर म्हणाले, राहू दे. मी दारातून वळून बघितलं तेव्हा ते उरलेले एकोणीस फॉर्म एकेक करून वाचत होते.

तो कागद घेऊन मी सुट्टीत वाडीला गेले. आबा आता हंगामाला जात नाहीत, बाभळीखाली बाजेवर बसून असतात. त्यांना सांगावं की नको, याचा मी दोन दिवस विचार केला. ज्या कागदाला बांधले गेलो म्हणून त्यांनी मला घरी ठेवलं, त्या कागदावर काही नव्हतंच, हे कुठल्या तोंडाने सांगू? शेवटी कागद पुढे करून सांगून टाकलं. आबा, तुम्ही अंगठा दिला त्यावर आईचं काही लिहिलंच नव्हतं.

आबांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला, आईच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. "मला कुठं वाचता येतं?" ते म्हणाले. "ती बोलली ते मी ऐकलं की. वीस सालात कधी न्हाई ते बोलली. मंग कागदावर काय का असंना."

मी विचारलं, मग मुकादमाला अंगठ्याचं का सांगितलंत.

"त्याला काय सांगू, बायकूचं ऐकलं म्हणून? त्याला कागदच कळतो."

"मग अंगठा तरी कशाला दिलात आबा?"

आबांनी कागद नीट घडी करून माझ्या हातात दिला. "गुरुजी एवढ्या लांबून उनाचं आले हुते," ते म्हणाले. "त्यांचं बी कायतरी काम असंल. रिकामं कसं धाडायचं?"